पॉइंट बेचाळीस

पुणे, ६ जानेवारी २०२४

ती. दिवाकरमामाजी,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, घरचे सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होते, पण आई म्हणाली, "फोन पुष्पावहिनी उचलते, लगेच स्पीकरवर टाकते आणि मग अख्खं गोहलपूर ऐकतं. दादाशी कामाचं बोलायचं असेल तर पत्र लिही." म्हणून हा कागद.

काम असं आहे. माझ्या पीएच.डी.चं हे सातवं वर्ष. मुदतवाढ दोनदा मिळाली, तिसऱ्यांदा मिळणार नाही. ३० जूनच्या आत प्रबंध दिला नाही तर सात वर्षं पाण्यात. आणि सगळं अडलंय ते एका प्रकरणावर.

तुम्ही एकतीस वर्षं कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढलीत, तेव्हा तुम्हाला हे सांगणं म्हणजे आगाऊपणाच. तरी सांगते. पेशीचं पटल म्हणजे काही भिंत नाही, तो स्निग्ध रेणूंचा दुपदरी थर. ते रेणू सारखे हलत, सरकत असतात. सैल असले की त्यांच्यामधून पाणी आणि लहानसहान रेणू सहज ये-जा करतात. आवळून बसले की सगळी वाहतूक मंदावते. उष्णतेनं ते सैलावतात, थंडीनं आवळतात. माझं म्हणणं असं की थंडीत वाढणारं झाड मुळात पटलातच पातळ जातीचे स्निग्ध रेणू भरतं, म्हणजे गारठ्यातही पाणी अडू नये. मग थंडीत वाढलेला बीट पन्नास अंशांच्या पाण्यात टाकला, तर उबेत वाढलेल्या बिटापेक्षा त्यानं जास्त रंग सोडायला हवा. रंगाचा रेणू तसा मोठा. तोच बाहेर पडला म्हणजे दार चांगलंच सैल झालंय असं समजायचं.

माझ्याकडे दोनच हिवाळ्यांची मोजमापं आहेत. वीणा मॅडम, माझ्या गाइड, म्हणतात की दोन हिवाळे म्हणजे योगायोग. आणि मला एकदम आठवलं, तुम्ही तर बिटाचा हाच प्रयोग दर वर्षी दोनदा लावत होतात! जुन्या नोंदी कुठे असतील का?

तुमची,
समृद्धी

---

गोहलपूर, जबलपूर, १४ जानेवारी २०२४

चि. समृद्धी,

आशीर्वाद, माझे आणि मामीचे. तिचे न विचारताच येतात.

तुझं पाकीट पाहून पोस्टमन भैया म्हणे, "कोर्ट का कागज है क्या?" हातानं लिहिलेलं पत्र आता लोकांना भेवच दाखवते. मी मात्र तीनदा वाचलं. अगं, मी काही प्रोफेसर नव्हतो. मी लॅब असिस्टंट. चकत्या कापणारा, परीक्षानळ्या धुणारा. सात वर्षं झाली रिटायर होऊन, आणि कोणी मला बिटाबद्दल विचारून राहिलं म्हणजे काय वाटलं असेल, तूच समज.

बीट आम्ही घेत होतो ते सिहोऱ्याच्या रामकृष्ण पटेलकडूनच. एकच शेत, एकच बियाणं. तो टोपली बसच्या टपावर टाकून पाठवायचा. एक खेप नोव्हेंबरात, म्हणजे उबेत वाढलेली, आणि एक जानेवारीच्या शेवटी, कडाक्याच्या थंडीतली. चकत्या धुवायच्या, पन्नास अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायच्या, आणि पाणी किती लाल झालं ते कलरीमीटरवर वाचायचं. जितकं लाल, तितका आकडा मोठा. छापील मॅन्युअलमध्ये उत्तर दिलेलं आहे: पॉइंट बेचाळीस, म्हणजे ०.४२.

कॉलेजात जाऊन हेडसाहेबांना विनंती केली, प्रयोगशाळेचं रजिस्टर मिळालं. कमानिया गेटजवळ बसून सगळ्या पानांची झेरॉक्स काढली. १९९० पासून २०१७ पर्यंत, सत्तावीस वर्षं, चोपन्न नोंदी. सोबत पाठवून राहिलो. माझ्याजवळ याच्यापेक्षा जास्त काही नाही.

रिटायर झालो तेव्हा कॉलेजनं जी ढाल दिली ना, "बिनचूक सेवेबद्दल" लिहिलेली, मामी म्हणते तुझी डिग्री झाली की त्या ढालीच्या बाजूला तुझा फोटो लावू. खिळा ठोकून ठेवला तिनं.

तुझा,
दिवाकरमामा

---

पुणे, २७ जानेवारी २०२४

ती. मामाजी,

पाकीट मिळालं. तुमचं अक्षर, तुमच्या ओळी, कुठे खाडाखोड नाही. डोळ्यांत पाणी आलं. मग आकडे वाचले आणि दुसऱ्या कारणानं आलं.

चोपन्न नोंदी, आणि सगळीकडे पॉइंट बेचाळीस. क्वचित एक्केचाळीस, क्वचित त्रेचाळीस. नोव्हेंबरातही तेच, जानेवारीतही तेच. म्हणजे बिटाला थंडी-ऊब काही कळत नाही. त्याचं पटल बारा महिने एकसारखंच. म्हणजे माझा सिद्धांत चूक, आणि माझ्या दोन हिवाळ्यांत जो फरक दिसला तो माझ्या हाताचा गोंधळ.

दुसऱ्या कुणाच्या नोंदी इतक्या सारख्या असत्या, तर मी सरळ म्हटलं असतं की घरी बसून लिहिल्यात. पण तुम्हाला मी लहानपणापासून बघतेय. चहात साखरसुद्धा तुम्ही चमचा सपाट करून घालता. तुमच्या आकड्यांवर शंका घेण्यापेक्षा मी माझ्यावर घेते.

वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही मला खोट्यापासून वाचवलंत. मंगळवारी, ६ फेब्रुवारीला, मॅडमना सांगते.

तुमची,
समृद्धी

---

गोहलपूर, ४ फेब्रुवारी २०२४

चि. समृद्धी,

आशीर्वाद. अशी घाई काहून करून राहिली? मंगळवार काय पळून जाते का?

हे बघ, मी आज सकाळी स्वयंपाकघरात उभा राहून विचार केला. इथं गारठा मरणाचा. तुपाचा डबा उघडला तर चमचा उभाच राहते, आणि बाजूला जवसाचं तेल मजेत वाहते. दोन्ही स्निग्धच ना? मग झाडानं थंडीत तुपाच्या जातीचं कमी आणि तेलाच्या जातीचं जास्त भरलं, हे तुझं म्हणणं मला तर पटते. मामीलाही पटलं. ती म्हणे, "इतकी अक्कल बिटाला असते आणि समृद्धीच्या मामाला नसते, थंडीत बनियनवर फिरतात."

रजिस्टर म्हणजे काय वेद आहे का? पोरांनी घेतलेली रीडिंग ती. कलरीमीटर जुना. दिव्याचं काय, हाताचं काय. तू आणखी एकदा बीट आणून पाह्य ना.

माझं कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून डॉक्टरनं तूप बंद केलं. म्हटलं, तुला विचारू, हे कोलेस्टेरॉल पेशीत काय करून राहते?

तुझा,
मामा

---

पुणे, १२ फेब्रुवारी २०२४

ती. मामाजी,

कोलेस्टेरॉल आपल्या पेशींच्या पटलात मध्यस्थाचं काम करतं. उष्णतेत पटल फार सैल होऊ देत नाही, थंडीत फार आवळू देत नाही. पाणी आणि लहान रेणू हवे तितकेच जाऊ देतं. म्हणजे ते वाईट नाही, पण हे डॉक्टरांना सांगून तूप मागू नका. तुमचं रक्तातलं आहे, ते वेगळं प्रकरण.

तुम्ही मला धीर द्यायला रजिस्टरला नावं ठेवलीत ते कळलं. मोठेपणा आहे तुमचा. पण मी मॅडमना सांगून टाकलं. त्यांनी माझी दोन हिवाळ्यांची पानं मिटली. मग म्हणाल्या, "सत्तावीस वर्षांसमोर दोन वर्षं टिकत नाहीत. हे प्रकरण काढायचं." आणि हे काढलं तर उरलेला प्रबंध म्हणजे प्रस्तावना आणि संदर्भसूची. त्यांनीच नीट समजावलं की नोंदणी रद्द करून घे, त्यात कमी अपमान आहे.

एका पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत २६ तारखेला मुलाखत आहे. दारोदार जाऊन लोकांना सांगायचं की आमच्या पटलातून फक्त पाणी जातं, बाकी काही जात नाही. सात वर्षांचा अभ्यास अगदीच वाया जाणार नाही, बघा.

आई रडली. मी नाही.

समृद्धी

---

गोहलपूर, १७ फेब्रुवारी २०२४
(स्पीड पोस्ट)

चि. समृद्धी,

मुलाखतीला जाऊ नको. रजिस्टर खोटं आहे.

आता सांगतो. मधी थांबलो तर परत लिहिणं होणार नाही.

जानेवारी १९९० ची गोष्ट. प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. मॅन्युअल हातात धरून बसले. त्या दिवशी अकरा पोरांचं रीडिंग पॉइंट पंचावन्नच्या आसपास आलं. साहेब म्हणाले, "बयालीस आना चाहिए. किसी को चकती काटना नहीं आता." अकराच्या अकरा फेल. त्यात एक अमिता होती. सिहोऱ्याहून बसनं यायची, पोळी-भाजी डब्यात आणून माझ्या टेबलाशी बसून खायची. तिच्या चकत्या मी पाहिल्या होत्या. माझ्यापेक्षा साफ कापायची. तिचं रीडिंग पॉइंट छप्पन. घरच्यांनी म्हटलं फेल झाली, बस झालं शिक्षण. ती पुन्हा कॉलेजात आली नाही.

त्या दिवशी मी ठरवलं की माझ्या लॅबमधून बिटापायी कोणी फेल होणार नाही.

चकत्या पाण्यात टाकल्या की अर्धा तास थांबावं लागते. पोरं तेवढ्यात समोरच्या टपरीवर समोसा खायला जात. चाळीस मिनिटांशिवाय कोणी परतत नसे. तेवढ्यात मी चकत्या काढून एकेक नळी वाचायचो. जानेवारीत लाल जास्त यायचं, तर साधं पाणी घालून पातळ करायचो आणि वरचं फेकून द्यायचो. नोव्हेंबरात कमी यायचं, पॉइंट तीस-एकतीस, तर उकळलेल्या बिटाचे थेंब घालायचो. पोरं येत, स्वतः वाचत, बेचाळीस. खूश होत. सत्तावीस वर्षं कोणी फेल झालं नाही. त्याच्यासाठी मला ढाल मिळाली.

आता किती पाणी घालायचं हे कळायला आधी खरं रीडिंग घ्यावं लागे ना? ते मी एका लाल वहीत लिहायचो. तिला मी "चुकीची वही" म्हणत होतो. त्यात वजनंही आहेत. एका सरांनी एकदा सांगितलं होतं की साखरेच्या पाण्यात चकतीचं वजन अर्ध्या तासात किती घटते, म्हणजे पाणी किती बाहेर येते, तेही मांडत जा. ते सर १९९६ मध्ये रिटायर झाले. बंद कर असं कोणी सांगितलंच नाही, म्हणून २०१७ पर्यंत मांडत गेलो.

वही सोबत आहे. पहिल्यांदाच का नाही पाठवली, हे मला विचारू नको. ढालीकडे पाहिलं आणि रजिस्टर पाठवलं, एवढंच.

माझं नाव टाकायचं तर टाक. फक्त पाणी घातल्याचं लिहू नको. म्हातारपणी तेवढं वाचव.

दिवाकर

---

पुणे, २ मार्च २०२४

ती. मामाजी,

आधी रागावून घेते. तुम्ही मला साडेतीन आठवडे मारून टाकलं होतं. मॅडमसमोर मी तुमची शपथ घेतली होती. तुमची!

झालं रागावून.

मामाजी, ही वही सोनं आहे. प्रत्येक नोव्हेंबर कमी, प्रत्येक जानेवारी जास्त. आणि ज्या वर्षी थंडी सौम्य पडली (तुम्ही कडेला लिहिलंय, "यंदा स्वेटर नाही काढला") त्या वर्षी फरकही कमी. वजनंही तशीच बोलतात. थंडीतली चकती पाणी भराभर सोडते, उबेतली जपून. एकच शेत, एकच बियाणं, एकच हात, सत्तावीस वर्षं. असं करायचं म्हटलं तर मोठमोठ्या संस्थांना जमणार नाही, आणि तुम्ही ते केलंत ते कशासाठी, तर खरं उत्तर खोटं किती करावं लागेल हे बघायला!

मॅडमनी वही दोन तास खाली ठेवली नाही. नोंदणी रद्द करायचा अर्ज त्यांनीच फाडला. एवढंच म्हणाल्या, "या गृहस्थांनी रजिस्टर वेगळं का ठेवलं?" मी म्हटलं, जुनी पद्धत. त्यांनी पुढे विचारलं नाही.

पाण्याचं लिहिणार नाही. शब्द दिला. चूक करतेय हे कळतंय.

तुमची,
समृद्धी

---

पुणे, २० डिसेंबर २०२४

ती. मामाजी,

जूनमध्ये प्रबंध दिला तेव्हा मामीनं फोनवर पेढे वाटले (गल्लीलाही, असं आई म्हणते). त्यानंतर मी लिहिलं नाही, क्षमा करा. आता लिहितेय तर बातमी चांगली नाही.

काल मौखिक परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक नागपूरचे, डॉ. राजस पांढरीपांडे. पेशीपटलाच्या अभ्यासात मोठं नाव. सगळं छान चाललं होतं. लाल वहीच्या पानावर आले आणि थांबले. म्हणाले, "मी जबलपूरचा. याच कॉलेजात, याच प्रयोगशाळेत शिकलो. १९९९ ची जानेवारी. हा प्रयोग मी या हातांनी केलाय. पॉइंट बेचाळीस आलं होतं. तुमच्या वहीत त्याच तारखेला पॉइंट चोपन्न आहे. तुमच्या मामांचा मी आदर करतो, पण एकतर ते चुकले किंवा मी. आणि मी नाही."

माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर होतं. ते तुमचं होतं, माझं नाही. मी म्हटलं, "सर, मला वेळ द्या." दोन महिन्यांत लेखी खुलासा दिला नाही तर पदवी नाही.

मी दुसरं काहीतरी शोधतेय. तुम्ही यात पडू नका. त्यांना अजिबात लिहू नका, हे निक्षून सांगते.

समृद्धी

---

गोहलपूर, जबलपूर, २८ डिसेंबर २०२४

प्रिय राजसजी,

नमस्कार. ओळखलं का? मी मुळमुळे भैया, बॉटनी लॅबवाला. तुमचा पत्ता माझ्या बायकोला महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर पाच मिनिटांत मिळाला. तिच्यापासून काहीच लपत नाही, मी तेवढा सोडून.

माझ्या भाचीनं तुम्हाला लिहू नको म्हणून सांगितलं आहे. तिनं मला शब्द दिला होता आणि तो पाळून राहिली, डिग्री जाईस्तोवर. म्हणून तिचं सांगणं मी मोडतो.

तुम्ही चुकले नाहीत. तुम्ही हुशार होते, हात साफ होता, मला आठवते. तुम्ही चकत्या टाकल्या आणि योगेंद्रसोबत समोसा खायला गेले. तुम्ही बाहेर असताना तुमच्या नळीत पॉइंट चोपन्न आलं होतं. मी पाणी घातलं. परत आल्यावर तुम्ही वाचलं ते बेचाळीस. तुम्ही खरंच वाचलं. खोटं ते नळीत होतं.

असं मी सत्तावीस वर्षं सगळ्यांचं केलं. काहून केलं ते वेगळं सांगतो, तुम्ही विचारलं तर. पोरीचा यात दोष नाही.

तुमचा,
दिवाकर मुळमुळे

---

नागपूर, ७ जानेवारी २०२५

आदरणीय मुळमुळे भैया,

तुमचं पत्र घेऊन आठ दिवस फिरतोय. खिशात ठेवतो, काढतो, परत ठेवतो.

तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. मी बी.एस्सी. सोडणार होतो. बाबांना मी बँकेत हवा होतो, अर्ज भरून तयार होता. त्या दिवशी मी नळी लावली आणि काटा बरोबर बेचाळीसवर आला. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की निसर्गाला मी प्रश्न विचारला आणि त्यानं मला, राजस पांढरीपांडेला, नेमकं उत्तर दिलं. घरी जाऊन अर्ज फाडला. ही गोष्ट मी दर वर्षी नव्या बॅचला पहिल्या तासाला सांगतो. आता पुढच्या बॅचला काय सांगू, भैया?

आणि ऐका. पंधरा वर्षं मी माझ्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग देतोय. जानेवारीत त्यांचं चोपन्न-पंचावन्न आलं की मी म्हणतो, "फिर से करो, हात साफ नहीं है." काहींना मी नापासही केलंय. ज्या कुणा परीक्षकामुळे तुम्ही हे सुरू केलं असेल असं वाटतं, तो काही एकटा नव्हता. त्याच्यासारखा एक, म्हणजे मी, तुम्ही स्वतः घडवलात.

खूप राग आला. मग लक्षात आलं की राग करायचा तर हातातली नोकरीही तुमच्याचमुळे आहे.

१८ तारखेला जबलपूरला येतोय. छोटा कलरीमीटर आणतो. बीट तुम्ही आणा, त्याच शेतातला मिळाला तर बघा.

राजस

---

गोहलपूर, जबलपूर, १९ जानेवारी २०२५

चि. समृद्धी,

आशीर्वाद. तू निक्षून सांगितलं होतं ते मी ऐकलं नाही. आता रागावून घे, मग पुढे वाच.

राजस काल आला. केस पांढरे झाले गड्याचे. पायाला हात लावायला वाकला, मी मागं सरलो. मनाला लागलं. रामकृष्ण पटेल गेला, पण त्याच्या मुलानं त्याच शेतातले बीट बसवर टाकून पाठवले. टोपली तशीच, दोरीसुद्धा तशीच.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडलं सगळं. मामीनं तिचं गुलाबजामाचं थर्मामीटर दिलं. राजसनं चकत्या कापल्या, धुतल्या, पन्नास अंशांच्या पाण्यात टाकल्या आणि घड्याळ लावलं. मामी बाहेरून ओरडली, "समोसे गरम आहेत, या रे बाहेर!" तिला काही माहीत नाही, तिनं आपले पाहुण्यासाठी मागवले होते. राजस सवयीनं उठला. दारापर्यंत गेला. मग माझ्याकडे पाहून हसला आणि परत स्टुलावर येऊन बसला. म्हणे, "नहीं भैया. आज यहीं बैठूंगा."

अर्धा तास आम्ही दोघं त्या नळीकडे पाहत बसलो. खरं सांगू का, पाणी लाल होऊन राहिलं होतं आणि माझा हात दोनदा पाण्याच्या गंजाकडे गेला. मी तो मांडीखाली दाबून ठेवला. समोसे थंड झाले. मामी तीन वेळा येऊन बोलून गेली.

पॉइंट पंचावन्न आलं. त्यानं मला विचारलं, "लिहू?" इतका मोठा प्रोफेसर, आणि मला विचारून राहिला. मी म्हटलं, लिही बाबा, आलं ते लिही. त्यानं लिहिलं. अठ्ठाविसाव्या हिवाळ्याची नोंद, पहिल्यांदा कोणा दुसऱ्याच्या अक्षरात.

तुझ्या पदवीच्या मंजुरीच्या कागदावर त्यानं इथंच सही केली, खुलासा तेवढा जोडायचा. खुलाशात मी पाणी घातल्याचं स्पष्ट लिहायचं ठरलं, माझ्या नावानिशी. तूच लिही, नीट भाषेत. ढाल मी काढली. मामीनं कारण विचारलं, सांगितलं. तासाभरात गल्लीला कळलं. आज सकाळी दूधवाला भैया म्हणे, "दूध में पानी तो हम मिलाते थे, आप भी?" आणि अर्धा लिटर जास्त देऊन गेला. खिळा मोकळा आहे, फोटो पाठव.

जाताना राजसनं वहीचं पहिलं पान उघडून विचारलं, "हे जानेवारी १९९० चं पॉइंट छप्पन कोणाचं?" ती वही मी नोव्हेंबरात सुरू केली, पण पहिली ओळ तिच्या नावाची लिहून ठेवली होती. त्याला अमिताचं सांगितलं.

पटेलचा मुलगा म्हणून राहिला की अमिता नावाची एक बाई तिथंच बाजाराजवळ राहते, शिकवण्या घेते. तीच असेल, नसेल. पस्तीस वर्षं झाली. सिहोऱ्याची बस सकाळी आठला सुटते. वही घेऊन जातो उद्या. तिचं रीडिंग बरोबर होतं, एवढं तिला सांगून येतो.

तुझा,
दिवाकरमामा